पिकअपला लोखंडी गार्ड लावलं म्हणजे रोह्यापासून वाचलो? दंड, विमा आणि जीव, तिन्ही बाजूंनी हिशेब

वाशीम : सोयाबीन निघालं, तूर शेंगेवर आली, हरभरा पेरला की जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्रीची मालवाहतूक वाढते. बाजार समितीत पहाटे नंबर लावायचा तर गाडी रात्रीच भरून काढावी लागते. नेमक्या त्याच वेळेला रोही, रानडुकरं आणि हरणांचे कळप एका वावरातून दुसऱ्या वावरात जायला रस्ता ओलांडतात. मग धडक होते. कुठे बोनेट आणि रेडिएटर जातो, कुठे काच फुटून जनावर थेट कॅबिनमध्ये येतं, तर कुठे जनावराला वाचवायला गेलेली गाडी नालीत उलटते.

यावर गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानात एक ठरलेला इलाज मिळतो, तो म्हणजे जाड पाईपचं किंवा अँगलचं लोखंडी गार्ड. समोरून ठोकलं तरी गाडीला काही होत नाही, असा त्याचा बोलबाला आहे. कर्जाचे हप्ते भरत भाडं मारणाऱ्या माणसाला हा इलाज पटतो, कारण गाडी आठ दिवस गॅरेजला उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. पण हे गार्ड कायद्यात बसतं का, विम्यात बसतं का आणि मुख्य म्हणजे जीव वाचवतं का, हे तिन्ही प्रश्न वेगळे आहेत. तिन्हींचं उत्तर दुकानदार सांगतो तेवढं सोपं नाही.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१७ रोजी सर्व राज्यांना पत्र पाठवून वाहनांवर परवानगीशिवाय बसवलेल्या क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. आधार होता मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ चा. कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी नोंदली, त्यात मालकाला परस्पर बदल करता येत नाही, असा या कलमाचा अर्थ. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असंच सांगितलं.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिक्षा वाढली. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इथे ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे. पुढे गार्ड, वर जादा एलईडी पट्टी आणि मागे वाढवलेला डाला अशी गाडी असेल तर हिशेब एकाच दंडावर थांबेल याची खात्री नाही.

आता कुणी म्हणेल, रस्त्यावर तर कितीतरी गाड्या गार्ड लावून फिरतात, त्यांना कोण अडवतं? खरं आहे. कारवाई सगळीकडे सारखी होत नाही. पण मालवाहू गाडीला पासिंग चुकत नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. पासिंगच्या आदल्या दिवशी गार्ड काढायचं आणि परत आल्यावर लावायचं, हा उद्योग अनेकांच्या अंगवळणी पडलाय. पकडलं जाण्याची भीती आहे म्हणूनच तो करावा लागतो, हे विसरून चालत नाही. वायुवेग पथकाची गाडी रस्त्यात भेटली तर तेवढीही संधी मिळत नाही.

गार्ड नेमकं कुणाला वाचवतं?

गार्डच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. कमी वेगात रानडुक्कर किंवा हरणाची धडक बसली तर लोखंडी गार्ड दिवा, जाळी आणि रेडिएटर वाचवू शकतं. आडरानात रेडिएटर फुटला तर गाडी पुढे सरकत नाही, त्यामुळे चालकांचा त्यावर विश्वास बसणं स्वाभाविक आहे. ऑस्ट्रेलियात कांगारूंच्या भीतीने लांब पल्ल्याच्या ट्रकना असेच मोठे बार लावतात, ते याच कारणासाठी. पण तिथे शेकडो किलोमीटर वस्ती लागत नाही अशा रस्त्यांवरून ते ट्रक धावतात आणि बार कसा असावा याचेही तिथे नियम आहेत. आपल्या रस्त्यावर दर तीन-चार किलोमीटरला गाव, फाटा नाहीतर शाळा येते.

रोह्याची गोष्ट डुकराहून वेगळी. पूर्ण वाढलेला नर रोही २०० किलोच्या पुढे जातो आणि खांद्याजवळ चार ते पाच फूट उंच असतो. त्याचं वजन वर आणि पाय लांब. गाडीचा पुढचा भाग त्याच्या पायावर आदळतो, पाय खालून निघतात आणि अंग बोनेटवरून सरकत काचेवर येतं. बंपरच्या उंचीचं गार्ड कितीही जाड असलं तरी ते पायावरच आदळणार. वरचा दोन क्विंटलचा भार कॅबिनकडे यायचा तो येतोच. म्हणजे ज्या जनावराच्या भीतीने गार्ड लावलं, त्याच्यापुढेच ते सगळ्यात कमी कामाचं.

दुसरी बाब गाडीच्या आतल्या माणसाची. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपतो, तो चेपावा म्हणूनच बनवलेला असतो. पत्रा चेपताना धक्का खाऊन घेतो आणि माणसापर्यंत कमी पोहोचू देतो. गार्ड थेट चेसिसला ब्रॅकेट मारून बसवलं की तो धक्का चेसिसमधून पुढे जातो. समोरून झाड, पूल किंवा दुसरी गाडी धडकली तर पत्रा वाचतो, पण बरगडी मोडते. छोटा हत्तीसारख्या चपट्या तोंडाच्या गाडीत चालकाचे गुडघे आणि बंपर यांच्यात मुळात जागाच कमी असते. तिथे तर हा धोका आणखी मोठा. ज्या गाडीला एअरबॅग आहे, तिचा सेन्सर कंपनीच्या मूळ बंपरचा हिशेब धरून बसवलेला असतो. पुढे कडक लोखंड आलं की तो हिशेब बिघडतो. एअरबॅग उशिरा उघडू शकते, नाहीतर गरज नसताना उघडू शकते.

तिसरी बाब गाडीच्या बाहेरच्या माणसाची, आणि ती गावासाठी सगळ्यात मोठी आहे. रोही रस्त्यावर महिन्यातून एखाद्या वेळी आडवा येईल. पण वावरातून परतणाऱ्या बाया, सायकलवरची पोरं, बैलबंडी आणि दुचाकी रोज त्याच रस्त्यावर असतात. मूळ बंपर आणि बोनेट थोडं तरी दबतं, लोखंडी पाईप दबत नाही. त्याची धडक मोठ्या माणसाच्या मांडी-कमरेला आणि लहान मुलाच्या छाती-डोक्याला बसते. युरोपीय संघाने २००५ मध्ये गाड्यांपुढच्या अशा बारना कडक चाचण्या लावल्या, त्यामागे पायी चालणाऱ्यांचा जीव हेच कारण होतं. डुकरासाठी लावलेलं गार्ड उद्या आपल्याच गावच्या पोराला लागलं तर रेडिएटर वाचला याचं समाधान कुणाला वाटणार?

शिवाय वजन. पन्नास-साठ किलो लोखंड गाडीच्या अगदी तोंडावर टांगलं तर पुढचे पाटे, बुशिंग आणि टायर यांच्यावर कायमचा ताण येतो. जाड पाईप दिव्याच्या उजेडात सावली पाडतो आणि रात्री दिसणं आणखी कमी होतं.

खरा हिशेब वेगाचा

रात्री डिपरवर चालकाला साधारण ४० ते ५० मीटरपर्यंतच नीट दिसतं. भरलेली पिकअप धरू. जनावर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो. ब्रेक लागल्यावरही भरलेली गाडी रिकाम्या गाडीइतकी पटकन थांबत नाही. हे धरून, जनावर ४५ मीटरवर दिसलं तर साधा हिशेब असा निघतो :

- ताशी ५० किमी वेग : गाडी सुमारे ४० मीटरमध्ये थांबते. धडकच होत नाही.
- ताशी ६० किमी वेग : गाडी थांबत नाही, पण धडकेच्या वेळी वेग ३० ते ३५ पर्यंत उतरलेला असतो.
- ताशी ८० किमी वेग : पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ३३ मीटर संपतात. धडक सुमारे ७० च्या वेगाने होते.

म्हणजे ८० वरून ६० वर आलं तर धडकेचा वेग निम्म्यावर येतो. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो चार पटींहून अधिक कमी होतो. वेल्डिंगच्या दुकानातलं कुठलंही गार्ड एवढा फरक पाडू शकत नाही. रस्ता ओला असेल, टायर घासलेले असतील किंवा माल क्षमतेपेक्षा जास्त असेल तर हे आकडे आणखी वाईट होतात.

समोरून गाडी नसताना अप्पर लावलं तर दिसण्याचं अंतर बरंच वाढतं. समोरून गाडी आली की डिपर करायचं, एवढं पाळलं तरी पुष्कळ. यात एक अडचण आहे. रोही आणि हरणाचे डोळे दिव्याच्या उजेडात लांबून चमकतात, रानडुकराचे डोळे तसे चमकत नाहीत, कारण उजेड परतवणारा पडदा त्याच्या डोळ्यात नसतो. काळ्या डांबरावर काळं डुक्कर अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. त्यामुळे ‘डोळे दिसले तर वेग कमी करू’ हा भरवसा डुकरापुढे चालत नाही.

बंपर बदलायचाच असेल तर

धडकेत बंपर गेला किंवा गंजून लोंबायला लागला तर तो बदलावाच लागतो. तेव्हा पुढच्या गोष्टी पाहाव्यात :

- त्याच मॉडेलचा, कंपनीच्या मापाचा बंपर घ्यावा. अधिकृत डीलरकडे मिळणारा भाग महाग पडला तरी पासिंगला आणि क्लेमला अडचण येत नाही.
- जुन्या ब्रॅकेटवर नवा बंपर चढवू नये. गंजलेलं ब्रॅकेट पहिल्याच धक्क्याला सुटतं आणि बंपर चाकाखाली जातो.
- स्वस्त फायबरचा बंपर चकाकतो, पण त्याचे टोकदार तुकडे होतात आणि तेच रेडिएटरमध्ये घुसतात.
- बंपरची टोकं बाहेर आलेली, धारदार नसावीत. दिवे, इंडिकेटर आणि नंबर प्लेट पूर्ण दिसली पाहिजे.
- रेडिएटरपुढची मूळ जाळी तुटली असेल तर तीच आधी बसवून घ्यावी. खडे आणि काड्यांपासून रेडिएटर वाचवायला ती पुरते.
- दिव्यांची काच पिवळी पडली असेल किंवा झोत वर-खाली झाला असेल तर तो सेट करून घ्यावा. गार्डच्या खर्चाचा थोडासा भाग इथे गेला तरी फायदा जास्त आहे.

जनावरं पळवून लावणाऱ्या शिट्ट्याही बाजारात मिळतात. त्या बंपरवर चिकटवायच्या असतात. परदेशात हरणांवर झालेल्या चाचण्यांत त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. त्यावर पैसे घालण्यापेक्षा ब्रेक लायनर पाहिलेले बरे.

सीट बेल्टचं मोल मात्र कशालाच नाही. शहरातल्या चलानच्या भीतीने लावायची ही वस्तू नाही. जनावर काचेवर आलं किंवा गाडी नालीत गेली तर चालकाला जागेवर धरून ठेवणारी ती एकच गोष्ट आहे.

काट मारू नका

जनावर समोर आल्यावर बहुतेकांचा हात आपोआप स्टिअरिंग फिरवतो. भरलेली पिकअप उंच असते, माल वर असतो. जोराची काट मारली की ती उलटते नाहीतर समोरच्या गाडीवर जाते. ब्रेक सरळ रेषेत दाबावा, आपली बाजू सोडू नये, आणि थांबणं शक्यच नसेल तर वेग जितका उतरेल तितका उतरवावा. ऐकायला कठोर वाटतं, पण समोरच्या दुचाकीवर गाडी घालण्यापेक्षा ते बरं.

एक रोही गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही. मागे कळप असतो. रोही ठरलेल्या जागी लेंड्या टाकतात आणि ठरलेल्या वाटेने येतात. रस्त्याच्या कडेला लेंड्यांचा ढीग किंवा धुऱ्यावर रोजची पायवाट दिसली तर ती जागा लक्षात ठेवावी. नाल्याजवळचं वळण, दोन्ही बाजूंनी वाढलेली बाभूळ आणि लागून हरभऱ्याचं वावर, अशा ठिकाणी तिन्हीसांजेला आणि पहाटे वेग आधीच उतरवलेला बरा.

दुचाकीवाल्याला तर बंपर नावाची गोष्टच नसते. रोह्याच्या धडकेत सगळ्यात जास्त भोगतो तो तोच. त्याच्यासाठी हेल्मेट आणि कमी वेग एवढंच हातात आहे.

धडक झालीच तर क्लेमचं काय?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर जनावराच्या धडकेत स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही. त्यासाठी गावात ज्याला ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात तो पूर्ण विमा लागतो. त्यातही लायसन्स, फिटनेस आणि परमिट चालू असावं लागतं. गाडीवर बेकायदा गार्ड असेल तर सर्व्हेअरला हरकत घ्यायला आयतं कारण मिळतं. मालवाहू गाडीच्या डाल्यात बसवलेले मजूर जखमी झाले तर तो वाद आणखी लांबतो.

धडकेनंतर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंडिकेटर चालू ठेवावेत. माणूस जखमी असेल तर आधी १०८. पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि वन विभागासाठी १९२६ हा क्रमांक आहे. गाडी हलवण्याआधी गाडीचे, रस्त्याचे आणि जनावराचे फोटो काढावेत आणि विमा कंपनीला लगेच कळवावं. वन विभागाचा पंचनामा झाला तर धडक जनावराशीच झाली याचा तो पक्का पुरावा ठरतो.

जखमी रोह्याजवळ किंवा डुकराजवळ जाऊ नये. घाबरलेलं जनावर लाथ किंवा सुळा मारतं. मेलेलं जनावर गाडीत टाकून नेणं, वाटून घेणं हा तर थेट गुन्हा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार मेलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता असतो आणि तो ताब्यात आल्यास ४८ तासांत वन अधिकारी किंवा पोलिसांना कळवावं लागतं. चुकून झालेली धडक हा अपघात राहतो, मांस घरी आलं की शिकारीचा संशय मागे लागतो.

सगळा भार चालकावरच का?

गार्ड लावू नका, वेग कमी करा, हे सगळं चालकाला सांगून झालं. पण जनावर रस्त्यावर का येतं आणि ते रोखायची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उरतोच. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आणि काटेपूर्णा अभयारण्य यांच्या आसपासची शेतं, नाले आणि झुडपं हा प्राण्यांचा जुना वावर आहे. रस्ते रुंद आणि गुळगुळीत झाले, गाड्यांचा वेग वाढला, जनावरांची वाट मात्र तीच राहिली.

यावर उपाय नाही असं नाही. नागपूरकडे पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी खालून जाणारे नऊ मार्ग बांधले गेले. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघासह अनेक प्राणी पुलाखालून जाताना टिपले गेले. समृद्धी महामार्गावरही प्राण्यांसाठी खालून आणि वरून जाण्याचे मार्ग ठेवले आहेत आणि कडेने कुंपण आहे. तरीही कुंपण तुटलं किंवा इंटरचेंजकडून वाट मिळाली की जनावर आत येतं आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. १२० च्या वेगमर्यादेच्या रस्त्यावर ते फार वाईट. म्हणजे बांधकामाइतकीच त्याची देखभालही महत्त्वाची.

जिल्हा परिषदेच्या आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्यांवर कोट्यवधींचे पूल होणार नाहीत, हे उघड आहे. पण कडेची बाभूळ दोन्ही बाजूंनी तोडून दिसण्याची जागा मोकळी करणं, ठरलेल्या जागी रम्बलर आणि चकाकणारे फलक लावणं, मोऱ्यांखालचा गाळ काढून जनावराला खालची वाट मोकळी ठेवणं, ही कामं मोठ्या खर्चाची नाहीत. अडतं ते नोंदीवर. धडक झाली, गाडी ओढून नेली, जनावर नालीत पडून राहिलं आणि कागदावर काहीच आलं नाही, तर त्या जागी फलक लावायला अधिकाऱ्याकडे आधारच राहत नाही.

म्हणून प्रत्येक धडक १९२६ वर कळवणं आणि गावाने आपल्या शिवारातल्या अशा जागा किलोमीटरच्या दगडासकट ग्रामसभेच्या ठरावात घेणं, हे गार्डपेक्षा जास्त कामाचं आहे. ठरावाची एक प्रत बांधकाम उपविभागाला आणि एक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला देऊन पोच घ्यावी. हरभरा घाट्यावर येईपर्यंत रात्रीची वाहतूक आणि जनावरांची ये-जा दोन्ही वाढणार आहेत. तोवर बाभूळ तुटली आणि फलक लागला तर या हंगामातच फरक दिसेल.